वजनकांट्यास न दिसणारा मेद

स्थूलता, मधुमेह आणि हृद्रोग हीं तीन नांवें आज घरोघरीं एका दमांत उच्चारलीं जातात. परंतु या तिघांचें नातें काय, आणि त्यांस जोडणारा मधला दुवा कोणता, हें उमजावयास वैद्यकशास्त्रास फार दिवस लागले. त्या शोधाचा इतिहास आज सांगावयाचा आहे. त्यांतील एक महत्त्वाचें प्रकरण आपल्या पुण्यास घडलें. मी वैद्य नव्हे. जन्मभर शाळेंत शिकविलें. तेव्हां औषध सुचविणें हा माझा अधिकार नाहीं. काय घडलें व कसें घडलें, एवढेंच सांगतों.

आपल्या प्राचीन वैद्यांची नजर या विषयावर पडली होती. चरकसंहितेंत जे आठ प्रकारचे देह निंद्य मानले आहेत, त्यांत अतिस्थूल देह आहे. सुश्रुतसंहितेंत प्रमेह दोन प्रकारचा सांगितला आहे: एक जन्मतः येणारा, दुसरा अपथ्यानें ओढवणारा, पहिल्याचा रोगी कृश, तर दुसऱ्याचा स्थूल. हा भेद केवळ निरीक्षणाच्या बळावर केलेला होता. त्याचें कारण मात्र रक्ताची परीक्षा करण्याचीं साधनें हातीं आल्यावांचून कळणें शक्य नव्हतें.

१९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन मिळविलें, आणि १९२२ च्या जानेवारींत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तें टोंचण्यांत आलें. मरणाच्या दारीं असलेलीं मुलें त्यानें जगूं लागलीं. साहजिकच सर्वांची समजूत झाली कीं, मधुमेह म्हणजे इन्शुलिनची उणीव. दुसरें कांहीं नाहीं. या समजुतीस पहिला धक्का १९३६ सालीं लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनीं दिला. त्यांनीं रोग्यांस साखर व इन्शुलिन एकाच वेळीं देऊन पाहिलें. कांहींच्या रक्तांतील साखर आटोक्यांत राहिली. कांहींची मात्र इन्शुलिन देऊनहि चढतच गेली. यावरून त्यांनीं म्हटलें कीं, दुसऱ्या वर्गाच्या शरीरांत इन्शुलिनची हांक ऐकली जात नाहीं. पुढें १९६० सालीं अमेरिकेंत रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनीं रक्तांतील इन्शुलिन मोजण्याची रीत सिद्ध केली. तेव्हां असें आढळलें कीं, प्रौढपणीं मधुमेह जडलेल्या अनेकांच्या रक्तांत इन्शुलिन कमी नसून उलट अधिकच असतें! या अवस्थेसच आज इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात.

भाईंदरच्या खाडीकांठचीं मिठागरें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस हें चटकन् समजेल. भरतीचें पाणी आंत घ्यावयाचें तर बांधांतील दाराची फळी उचलावी लागते. फळी सुटी असली तर एक माणूस ती उचलतो. फुगून घट्ट बसली तर तिघे-चौघे लागतात. पाणी आंत येतेंच, म्हणून दुरून पाहणारास कांहीं बिघडलेलें दिसत नाहीं. पण मजुरी मात्र चौपट झालेली असते. इन्शुलिन-प्रतिरोधांत असेंच घडतें. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडून साखरेस आवरून धरतें. तें थकलें म्हणजे मधुमेह उघड होतो. परंतु त्यापूर्वींच्या कित्येक वर्षांत हृदयाचें नुकसान सुरू झालेलें असूं शकतें.

तें कसें, हेंहि पाहूं. आंतड्यांभोंवतीं सांठलेला मेद स्वस्थ बसत नाहीं. त्यांतून सुटलेलीं मेदाम्लें सरळ यकृताकडे जातात. मेदानें लादलेलें यकृत इन्शुलिनची आज्ञा मानीनासें होतें आणि नको असतांना साखर रक्तांत सोडतें. शिवाय ट्रायग्लिसराइड नांवाचा मेद अधिक बनवून धाडतें. त्यापाठोपाठ उपकारक मानलेलें एचडीएल कोलेस्टेरॉल घटतें आणि एलडीएलचे कण बारीक व घन होतात. वाढलेलें इन्शुलिन मूत्रपिंडाकडून मीठ राखून धरवितें, म्हणून रक्तदाब चढण्यास साहाय्य होतें. रक्तवाहिनीचें अस्तर सैलावण्याचें आपलें सामर्थ्य गमावूं लागतें. यांतील एकेक गोष्ट लहान खरी. पण वर्षानुवर्षें साऱ्या मिळून चालल्या म्हणजे हृदयास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आंतून भरत जातात.

मेद किती आहे यापेक्षां तो कोठें आहे हा प्रश्न मोठा, हें फ्रान्समधील मार्सेय येथील झां व्हाग यांनीं १९४७ सालींच सांगितलें होतें. नितंबांवरील मेदाहून धडाच्या वरच्या भागांतील मेद अधिक घातक, असें त्यांचें म्हणणें. त्याकडे पुष्कळ वर्षें फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९८८ सालीं अमेरिकेंतील जेरल्ड रीव्हन यांनीं इन्शुलिन-प्रतिरोध, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड व एचडीएल यांची एकत्र मोट बांधून तिला ‘सिंड्रोम एक्स’ हें नांव दिलें. नवल असें कीं, या मोटेंत त्यांनीं स्थूलता घातली नाहीं. कारण स्थूल नसलेल्या माणसांतहि हा दोष त्यांस आढळला होता.

हें नवल आपणां हिंदी लोकांस फार जवळचें आहे. लंडनमध्यें स्थायिक झालेल्या दक्षिण आशियांतील लोकांत हृद्रोगाचे मृत्यु तेथील गोऱ्या लोकांहून अधिक कां, याचा शोध मॅककीग, शाह व मार्मट यांनीं घेतला. १९९१ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, या लोकांत पोटाचा घेर व इन्शुलिन दोन्ही अधिक आहेत. मग हा दोष परदेशच्या अन्नपाण्याचा, कीं मुळांतला?

याचें उत्तर शोधण्याचें कार्य पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं केलें. १९९३ सालीं त्यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें सुमारें ३.५ किलो. परंतु ही तूट सर्वत्र सारखी नव्हती. पुण्याकडील बालकाचे स्नायु व पोटांतील अवयव बरेच लहान होते. पाठीवरील कातडीखालचा मेद मात्र जवळजवळ राखलेला होता. नाळेच्या रक्तांत इन्शुलिनहि इंग्रज बालकांहून अधिक निघालें. म्हणजे आपलें बाळ दिसण्यांत किरकोळ, पण मेदानें किरकोळ नव्हे!

२००४ सालीं डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे स्नेही डॉ. यडकिन यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत स्वतःचींच छायाचित्रें शेजारी शेजारी छापलीं. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाहि २२.३. अंगांतील मेद मात्र यडकिन यांचा शेंकडा ९.१ आणि याज्ञिक यांचा शेंकडा २१.२. वजनकांट्याची मर्यादा इतक्या थोडक्यांत व इतक्या विनोदानें क्वचितच कोणी दाखविली असेल. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें आशियांतील लोकांसाठीं सावधतेचा अंक २५ ऐवजीं २३ सुचविला. कमरेचा घेर पुरुषानें ९० व स्त्रीनें ८० सेंटिमीटरांच्या आंत राखावा, असें आपल्याकडील तज्ज्ञ सांगतात.

येथें तोल मात्र सांभाळला पाहिजे. तंबाखू, रक्तदाब, कोलेस्टेरॉल व आनुवंश हीं हृद्रोगाचीं कारणें आपापल्या जागीं कायम आहेत. ‘सिंड्रोम’ या सामायिक नांवाचा खरोखर कितीसा उपयोग, अशी शंका अमेरिकेच्या व युरोपच्या मधुमेह-संस्थांनीं २००५ सालीं जाहीरपणें घेतली. वाद नांवाविषयीं आहे; दुवा असल्याविषयीं नाहीं.

आतां आपल्या मीरा-भाईंदरकडे पाहा. मीठ पिकविणारे, मासे धरणारे आणि शेत कसणारे यांचीं हीं गांवें. २००२ सालीं येथें महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत वस्ती आठ लाखांवर गेली. बापजाद्यांनीं उन्हांत फावडें ओढलें. नातू आगगाडींतून मुंबईस जाऊन खुर्चीवर बसतो, आणि काळोख पडल्यावर परततो. अंगमेहनत एका पिढींत गेली. पण टंचाईच्या दिवसांकरितां घडलेली शरीराची ठेवण तितक्या लवकर बदलत नाहीं. तथापि हें विधिलिखित नव्हे. चालणें व बेताचा आहार यांनीं मधुमेहाकडे झुकलेल्या बऱ्याच जणांस सांवरतां येतें, हें २००६ सालीं चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनीं भारतीय माणसांतच दाखवून दिलें.

तरी या इतिहासांतील सर्वांत मोलाचा धडा कमरेच्या फितीचा नव्हे, असें मला वाटतें. पुण्याच्या त्या सहा खेड्यांत बाळाच्या वाढीशीं निकट संबंध दिसला तो आईच्या ताटांतील दूध, फळें व पालेभाजी यांचा. आपल्या कित्येक घरांत सून सर्वांमागून जेवते; उरलें तें तिचें. त्या उरलेल्या ताटाचा हिशेब पन्नास वर्षांनीं हृद्रोगाच्या खाटेवर मांडला जाऊं शकतो. नातवाचें काळीज जपावयाचें असेल, तर आधीं त्याच्या आईचें पान वाढा.