एकाच जनुकाच्या दोन नोंदी

त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे घराण्याचा माग काढताना एक वही क्वचितच पुरते. गाव बदललेलं असतं, आडनाव बदललेलं असतं. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की घराणं एकच असल्याचं उलगडतं. स्नायूंच्या घडणीत हात असलेल्या ‘एच-१९’ या जनुकाचा इतिहासही असाच जुळवावा लागतो.

पहिली नोंद १९८४ची. व्हॅसिलिस पाख्निस, शर्ली टिलमन आणि सहकारी उंदराच्या यकृताचा अभ्यास करत होते. गर्भावस्थेत जोमानं चालणारं आणि जन्मानंतर मंदावणारं एक जनुक त्यांना सापडलं. त्यात स्नायूचा विषयच नव्हता.

दुसरी नोंद १९८७ची, ‘सेल’ नियतकालिकातली. डेव्हिस, वाइनट्राउब आणि लासर यांनी उंदराच्या गर्भातल्या साध्या पेशी रसायन देऊन स्नायूपूर्व पेशी बनवल्या. मग या नव्या पेशींतल्या आरएनएमधून मूळ पेशींतही असणारा आरएनए वजा केला. उरलेल्यांतून तीन उमेदवार निवडले: मायो-ए, मायो-डी आणि मायो-एच. एकट्या मायो-डीनं साध्या पेशींना स्नायूच्या वाटेवर नेलं, आणि पुढे चर्चा त्याचीच झाली. मायो-एच बाजूला राहिला. तो म्हणजेच यकृतातला एच-१९. स्नायूशी त्याचं नातं कागदावर तेव्हापासून आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

सगळ्यात बारकाईनं वाचावा असा कागद १९९०चा, ब्रॅनन, टिलमन आणि सहकाऱ्यांचा. जनुकावरून आरएनए आणि त्यावरून प्रथिन, हा नेहमीचा क्रम. इथे प्रथिनच सापडेना. आरएनए वाचण्याच्या तिन्ही चौकटींत जागोजागी थांब्याच्या खुणा होत्या आणि मधे प्रथिन देऊ शकतील असे ३५ लहान तुकडे. त्यांतला कामाचा कोणता हे ठरवायला त्यांनी माणसातलं एच-१९ वाचून उंदराच्या जनुकाशी ताडून पाहिलं. दोघांत जपलेला असा एकही तुकडा निघाला नाही. शिवाय हा आरएनए पेशीद्रवात असूनही प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला जोडलेला नव्हता. आरएनए हेच या जनुकाचं अंतिम उत्पादन असावं, असं त्यांनी जपून लिहिलं. पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली: एच-१९ची फक्त आईकडून आलेली प्रत चालू असते.

स्नायूतलं काम मात्र बऱ्याच उशिरा उलगडलं, आणि तिथे कागद एकमेकांशी भांडतात. २०१३च्या कॅलन आणि सहकाऱ्यांच्या निबंधानुसार एच-१९ ‘लेट-७’ या सूक्ष्म आरएनएला अडकवून ठेवतो; एच-१९ घटवला की पेशी वेळेआधीच स्नायू बनू लागतात. २०१४चा डे, फायफर आणि दत्ता यांचा निबंध उलट सांगतो. एच-१९मधूनच ‘मिर-६७५’चे दोन सूक्ष्म आरएनए निघतात आणि स्नायूची घडण पुढे रेटतात. एच-१९ नसलेल्या उंदरांत इजेनंतर स्नायू नीट भरून आला नाही. हे दोन आरएनए बाहेरून दिल्यावर ती उणीव भरून निघाली.

यांतला एक कागद खोटा ठरवण्याची घाई मी करणार नाही. अखंड आरएनए एक काम करतो, त्यातून कापून निघालेले तुकडे दुसरं. एकाच रेणूच्या या दोन अवस्था पेशीच्या वयानुसार आळीपाळीनं वरचढ होत असाव्यात, हा माझा तर्क आहे. दोन्ही निबंध त्याला जागा देतात.