पुण्यातली एटीपी टेनिस स्पर्धा गेली कुठे? पुरुष टेनिसचा हंगाम चालतो तरी कसा?

जानेवारी उजाडला की रील्समध्ये ऑस्ट्रेलियन ओपन सुरू होतं. अल्काराझ, सिनर, जोकोविच. त्यात एखादा मराठी टेनिसप्रेमी हमखास विचारतो, "आपल्या पुण्यात पण व्हायची ना एक स्पर्धा? तिचं काय झालं?"

व्हायची. महाराष्ट्र ओपन नावाने, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात, २०१८ ते २०२३ या काळात. मधलं २०२१ कोरोनात गेलं, म्हणजे एकूण पाच वेळा. २०२४ च्या वेळापत्रकात पुण्याचं नाव नव्हतं. हे का झालं आणि त्यामुळे नेमकं कोणाचं नुकसान झालं, हे समजायचं तर आधी टेनिसचा हंगाम समजून घ्यावा लागतो. आयपीएलसारखा दोन महिने आणि मग सुट्टी, असा तो नसतो.

अकरा महिन्यांची वारी

पुरुषांचं व्यावसायिक टेनिस एटीपी ही संघटना चालवते. हंगाम जवळपास नववर्षालाच सुरू होतो आणि नोव्हेंबरात संपतो. चार ग्रँड स्लॅम मात्र एटीपीच्या ताब्यात नाहीत. त्या त्या स्पर्धेचे आयोजक वेगळे आहेत, पण त्यांचे गुण एटीपीच्या क्रमवारीत धरले जातात.

वर्षाचा नकाशा सोपा आहे. जानेवारीत ऑस्ट्रेलिया. मार्चमध्ये अमेरिकेत इंडियन वेल्स आणि मायामी. एप्रिलपासून युरोपातल्या लाल मातीवर, त्याचा शेवट पॅरिसच्या फ्रेंच ओपनने. मग थोडे आठवडे गवत आणि विम्बल्डन. तिथून पुन्हा अमेरिका, यूएस ओपन. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चीन-जपान, मग युरोपातले बंदिस्त हॉल आणि शेवटी तुरिनमध्ये वर्षातल्या पहिल्या आठ जणांची एटीपी फायनल्स.

स्पर्धांची उतरंड नावातच आहे. ग्रँड स्लॅमच्या विजेत्याला २००० गुण, त्याखाली मास्टर्स १०००, मग ५००, मग २५०. आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे गुण. पुण्याची स्पर्धा यातल्या २५० च्या पायरीवरची. त्याखाली चॅलेंजर (५० ते १७५ गुण) आणि तळाला आयटीएफच्या स्पर्धा. तिथल्या एम १५ स्पर्धेचं सगळं मिळून बक्षीस १५ हजार डॉलर असतं आणि आठवडाभर जिंकत राहिलेल्या विजेत्याच्या हातात त्यातले दोन हजारांच्या आसपास पडतात. प्रवास, हॉटेल, कोच हे सगळं त्यातूनच.

गुणांचा आणखी एक जाच आहे. ते बावन्न आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी याच आठवड्यात जे कमावलं ते यंदा खात्यातून वजा होतं. पुन्हा कमवा, नाहीतर खाली या. जखमी होऊन घरी बसलेल्या खेळाडूचा क्रमांक तो बसल्या जागी घसरत राहतो.

स्पर्धा शहराची नसते

इथे खरी गंमत आहे. आपण "पुण्याची स्पर्धा", "चेन्नईची स्पर्धा" म्हणतो, पण शहर यात भाडेकरू असतं. एटीपीच्या कॅलेंडरवर मोजके आठवडे आणि त्या आठवड्यांत मोजक्या जागा असतात. प्रत्येक जागेचा एक परवाना असतो. परवाना ज्याच्याकडे, तो ठरवतो स्पर्धा कुठे भरवायची. प्रायोजक, राज्य सरकार, स्टेडियम यांचं जमेल तिथे तो एटीपीच्या संमतीने बिऱ्हाड हलवतो.

महाराष्ट्र ओपन हेही असंच हललेलं बिऱ्हाड होतं. १९९६ मध्ये ही स्पर्धा नवी दिल्लीत सुरू झाली, पुढच्याच वर्षी चेन्नईला गेली आणि तिथे २०१७ पर्यंत राहिली. एकवीस वर्षं म्हणजे चेन्नईकरांना ती आपलीच वाटणार. २००८ ची फायनल नादाल तिथेच हरला होता. वावरिंका चार वेळा तिथे जिंकला. २०१७ च्या फायनलमध्ये हरलेला एक तरुण रशियन पुढे यूएस ओपन जिंकून बसला, त्याचं नाव मेदवेदेव. एवढा इतिहास असूनही परवाना पुण्याला आला आणि चेन्नईने हात हलवत निरोप दिला. तेव्हा महाराष्ट्रात आनंद होता. चेन्नईच्या बाजूने विचार करायची आपल्याला गरज वाटली नव्हती.

मुंबईकरांनी तर हा अनुभव त्याआधीच घेतलाय, फक्त फारसं कोणाला आठवत नाही. २००६ आणि २००७ मध्ये चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पुरुषांची एटीपी स्पर्धा झाली होती. पहिल्या वर्षी तुर्सुनोव्हने बर्डिचला हरवलं, दुसऱ्या वर्षी रिशार गास्के जिंकला. २००६ ला दुहेरीत महेश भूपती विजेता होता, क्रोएशियाच्या आंचिचसोबत. ही जागा २००५ मध्ये व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटीकडे होती. मुंबईनंतर ती बंगळुरूला जायची होती, पण २००८ ची स्पर्धा सुरक्षेच्या कारणाने रद्द झाली. २००९ पासून त्या दिवसांत खेळाडू क्वालालंपूरला जाऊ लागले. म्हणजे दिंडोशीहून लोकलने जाऊन एटीपीची मॅच बघता येईल अशी सोय मुंबईला दोन वर्षं होती. मी तेव्हा बालेवाडीत नाही, बालवाडीत होते.

पुण्याची पाच वर्षं

आता बालेवाडी. पहिल्या दोन वर्षी स्पर्धा अगदी वर्षाच्या सुरुवातीला झाली. २०१८ च्या फायनलमध्ये फ्रान्सच्या जिल सिमोंने केव्हिन अँडरसनला हरवलं. २०१९ ला अँडरसन परत आला आणि जिंकला, आणि ही फायनल पुण्याने बघितलेली सगळ्यात भारी मॅच असावी. समोर होता इव्हो कार्लोविच, वय ३९, उंची जवळपास सात फूट. तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये गेले. १९७७ मध्ये केन रोजवॉलने फायनल गाठली होती, त्यानंतर एवढ्या वयाचा खेळाडू एटीपी एकेरीच्या फायनलमध्ये पोहोचला तो पुण्यात.

त्याच वर्षी रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी दुहेरी जिंकली. बोपण्णाने २०२२ ला रामकुमार रामनाथनसोबत पुन्हा जिंकली. पुढे २०२४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी तो दुहेरीत जगात पहिला झाला.

जानेवारीचा पहिला आठवडा दिसायला छान, पण त्याच दिवसांत ऑस्ट्रेलियात सरावाच्या स्पर्धा चालू असतात. ज्याला दोन आठवड्यांनी मेलबर्नला खेळायचंय, तो पुण्याला येऊन पुन्हा तेवढा लांब विमानप्रवास का करेल? त्याला आणायचं तर वेगळं मानधन मोजावं लागतं. २५० च्या स्पर्धांना असे पैसे द्यायची मुभा आहे, पण खिसा हवा.

२०२० मध्ये एटीपीने ऑस्ट्रेलियात देशांच्या संघांची एटीपी कप स्पर्धा आणली आणि पुण्याची जागा फेब्रुवारीत सरकली. आता गर्दी वेगळी झाली. त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये माँपेलिए आणि अर्जेंटिनात कोर्दोबा. मोठी नावं विभागली गेली. २०२० चा विजेता यिर्झी व्हेसेली आणि २०२२ चा जाओ सौसा, दोघेही स्पर्धेला आले तेव्हा पहिल्या शंभराच्या बाहेर होते. (यात त्यांचा अपमान नाही. २५० ची स्पर्धा अशा खेळाडूंच्या करिअरला जीवदान देते, ती असते त्यासाठीच.) २०२३ ला स्पर्धा पुन्हा वर्षाच्या सुरुवातीला आली. नेदरलँड्सचा टॅलन ग्रीकस्पूर जिंकला आणि पुण्याचा अध्याय तिथे थांबला. २०२४ च्या जानेवारीत त्याच आठवड्यात कॅलेंडरवर हाँगकाँग होतं.

मग नुकसान कोणाचं झालं?

प्रेक्षकांचं झालंच. पण खरा मार बसला तो वाइल्ड कार्डवर.

२५० च्या स्पर्धेत एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये साधारण २८ खेळाडू असतात. बहुतेक जण क्रमवारीच्या जोरावर येतात, काही पात्रता फेरीतून. पण तीन जागा आयोजकांच्या हातात असतात. त्या ते बहुतेकदा घरच्या खेळाडूंना देतात. क्रमवारीत दोनशे-तीनशेवर असलेल्या भारतीय खेळाडूला अशी जागा युरोपात कोण देणार? तिथल्या आयोजकांना त्यांची पोरं आहेत.

एक जागा काय करू शकते याचं उदाहरण चेन्नईतच आहे. २००९ मध्ये सोमदेव देववर्मन वाइल्ड कार्डवर आत आला आणि थेट फायनलपर्यंत गेला. पुण्यातही २०२३ ला मानस धामणे या पुण्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाला असंच कार्ड मिळालं. अमेरिकेच्या मायकल मोने त्याला ६-२, ६-४ असं हरवलं. स्कोअरवर जाऊ नका. पंधराव्या वर्षी घरच्या कोर्टवर एटीपीची मॅच खेळायला मिळणं, ही संधी त्याच्या मागून येणाऱ्या मुलाला नाही.

पैशाचा हिशोबही बघा. सुमित नागलने २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की टूरवर एक वर्ष काढायला जवळपास एक कोटी रुपये लागतात आणि त्याच्या बँक खात्यात ८० हजारांच्या आसपास उरलेत. तेव्हा तो एकेरीत भारताचा सर्वात वरचा खेळाडू होता! चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये तो पात्रता फेरीतून ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये शिरला आणि ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवून दुसऱ्या फेरीत गेला. तेवढ्याचे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे वर्षाच्या खर्चाइतकी रक्कम एका आठवड्यात.

पण ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये थेट जायला क्रमवारीत साधारण पहिल्या शंभरात असावं लागतं. ती रेषा नागलने पहिल्यांदा ओलांडली कुठे? मेलबर्नमध्ये नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईची चॅलेंजर स्पर्धा जिंकून तो ९८ वर पोहोचला. घरची खाण्याची सवय, ओळखीची हवा, व्हिसाची कटकट नाही आणि टाळ्या आपल्या बाजूने.

मग आता महाराष्ट्रात काय उरलंय?

पुण्यात चॅलेंजर होते. म्हणजे एक पायरी खाली. टीव्हीवर फारशी दिसत नाही, मोठं नाव नसतं. पण हसू नका. २०२४ ची पुणे चॅलेंजर मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशरोने जिंकली. कोणी दखल घेतली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच वाशरो, तेव्हा जगात २०४ वा, शांघाय मास्टर्सच्या पात्रता फेरीतून आत आला, सेमीफायनलमध्ये जोकोविचला आणि फायनलमध्ये स्वतःच्या मावसभावाला, आर्थर रिंडरनेकला हरवून विजेता झाला. मास्टर्स १००० जिंकणारा इतक्या खालच्या क्रमांकाचा खेळाडू याआधी झाला नव्हता. बक्षीस ११ लाख डॉलरहून जास्त.

मुंबईत सीसीआयवर २०२४ मध्ये टेनिस परतलं, पण ती महिलांची डब्ल्यूटीए १२५ स्पर्धा आहे. पुरुषांच्या एटीपीचं मुंबईत २००७ नंतर काही झालेलं नाही.

आणि पुण्याचा अर्जुन कढे? महाराष्ट्र ओपनमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर खेळलेल्या या खेळाडूने आपलं पहिलं एटीपी विजेतेपद ऑक्टोबर २०२४ मध्ये दुहेरीत मिळवलं, ऋत्विक बोल्लीपल्लीसोबत, कझाकस्तानातल्या अल्माटीत. ती स्पर्धाही २०२३ पर्यंत अस्तानात व्हायची.