जीपगाडीचें दुसरें आयुष्य

युद्धासाठीं जन्मास आलेल्या वस्तूंचें आयुष्य बहुधा युद्धाबरोबरच संपतें. तोफा वितळविल्या जातात, विमानें मोडीत निघतात, आणि जें उरतें तें पदार्थसंग्रहालयांत जाऊन बसतें. जीपगाडी हा या नियमाला मोठा अपवाद होय. लढाईची निकड भागविण्यासाठीं घाईघाईनें निर्माण झालेली ही गाडी लढाई थांबल्यावर शेतकऱ्याच्या, पाटबंधाऱ्यांवरील इंजिनिअरच्या आणि उतारू वाहणाऱ्या चालकाच्या हातीं पडली, आणि तिचें खरें दीर्घायुष्य तेथून पुढें सुरू झालें. हें दीर्घायुष्य तिला कारखान्यानें दिलें, कीं तिच्यावर हात चालविणाऱ्या कारागिरांनीं दिलें, या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

१९४० च्या उन्हाळ्यांत फ्रान्स पडला, आणि टेहळणीसाठीं हलकी, चारही चाकांनीं जोर घेणारी मोटार आपल्याजवळ असली पाहिजे असें अमेरिकेच्या लष्कराला तीव्रतेनें वाटूं लागलें. शंभरावर कारखान्यांकडे विचारणा झाली. अट अशी कीं, पहिला नमुना ४९ दिवसांत हजर व्हावा. हें धाडस पेन्सिल्व्हानियांतील बटलर गांवच्या अमेरिकन बँटम या लहानशा कंपनीनें केलें. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरनें तिच्यासाठीं आराखडा काढला, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं नमुना मेरीलँडमधील होलाबर्डच्या लष्करी तळावर मुदतींत दाखल झाला. परंतु लक्षावधि गाड्या बनविण्याची ऐपत या कंपनीजवळ नव्हती. मोठीं कंत्राटें विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेलीं, आणि युद्ध संपेपर्यंत या दोघांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर काढल्या.

या गाडीची रचना पाहिली म्हणजे तिच्या पुढील इतिहासाचें मर्म कळतें. दोन पोलादी तुळयांचा सांगाडा, त्याखालीं पाट्यांच्या स्प्रिंगा, चार सिलिंडरांचें ६० अश्वशक्तीचें एंजिन, आणि वर सपाट पत्र्याचें उघडें अंग, एवढाच तिचा प्रपंच. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर अवघें ८० इंच. विलीजच्या गाडीचा भाग फोर्डच्या गाडीला बसला पाहिजे, यावर लष्कराचा कटाक्ष होता. रणांगणावर एक गाडी निकामी झाली तर तिचे अवयव काढून दुसरी उभी करतां यावी, हा त्यांतला हेतु. बॉनेट उचललें कीं एंजिनाचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. युद्धाच्या गरजेपोटीं आलेला हा साधेपणा पुढें शांततेच्या काळांत वरदान ठरला.

तरी लष्करी जीप जशीच्या तशी शेतावर चालेना. पेट्रोल भरावयाचें तर चालकानें उठून आपली बैठक उचलावी लागे, कारण टाकी बैठकीखालीं होती. मागची बाजू बंद असल्यामुळें पोतीं चढविणें जिकिरीचें होई. विलीज कंपनीनें १९४५ सालीं नागरी उपयोगासाठीं जी ‘सीजे-२ए’ गाडी काढली, तींत या उणिवा दूर केल्या. मागें उघडणारी फळी आली, जादा चाक मागून काढून बाजूस लावलें गेलें, पेट्रोलचें तोंड बाहेर आलें. गिअरपेटी अधिक भक्कम केली, आणि आंसांवरील दात्यांचें प्रमाण ४.८८ वरून ५.३८ वर नेलें. त्यानें वेग किंचित् घटला, पण ओढण्याची ताकद वाढली. एंजिनाची शक्ति पट्ट्यानें बाहेर घेऊन मळणी किंवा लाकूड कापण्याचें यंत्र चालविण्याचीही सोय मिळे.

कारखान्यानें केलेले बदल एवढे. त्याहून मोठे बदल कारखान्याबाहेर झाले. इंग्लंडमध्यें रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या अँगलसी बेटावरील शेतावर लष्कराची जुनी जीप वापरीत असत. त्या अनुभवांतून १९४७ सालीं जीपच्याच सांगाड्यावर एक नमुना उभा राहिला, आणि १९४८ च्या एप्रिलमध्यें अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत ‘लँड रोव्हर’ लोकांपुढें आली. पोलादाची टंचाई असल्यामुळें तिचें अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचें केलें होतें. फिलिपाईन्स बेटांत तर याहून नवलाची गोष्ट घडली. १९४५ च्या लढाईंत मनिला शहर बेचिराख झालें आणि तेथील ट्रामगाड्या नष्ट झाल्या. लोकांना कामावर जाण्यास साधन उरलें नाहीं. अमेरिकन सैन्यानें मागें टाकलेल्या जीपगाड्या तेथील कारागिरांनीं घेतल्या, सांगाडा लांबविला, समोरासमोर दोन लांब बांकें टाकलीं, वर टप चढविला, आणि ‘जीपनी’ हें नवेंच वाहन जन्मास आलें. १९५३ सालीं लास पिन्यास येथें सुरू झालेल्या साराव मोटर्सनें या कसबाला धंद्याचें रूप दिलें.

आपल्याकडे महिंद्र बंधूंनीं मलिक गुलाम मोहंमद यांच्यासह १९४५ सालीं पोलादाच्या व्यापारासाठीं कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं कंपनीचें नांव महिंद्र अँड महिंद्र झालें. विलीजच्या गाड्यांचे सुटे भाग आणून त्यांची जोडणी या कंपनीनें मुंबईंत सुरू केली, आणि पुढें हळूहळू ते भाग येथेंच बनूं लागले. लष्करी जीपचें स्टिअरिंग डाव्या हाताला होतें. आपल्या डावीकडून चालण्याच्या रस्त्यावर पुढच्या गाडीस मागें टाकतांना त्या चालकाला समोरचें दिसत नसे; येथील गाड्यांत तें उजवीकडे आलें. पेट्रोल महाग पडूं लागलें तसें डीझेल एंजिन आलें. आणि खेडोपाडीं मिस्त्रींनीं मागचा भाग वाढवून जी उतारूंची जीप तयार केली, ती पश्चिम महाराष्ट्रांत ‘वडाप’ या नांवानें घरोघर ठाऊक झाली.

मात्र रोजच्या कामाची गाडी बदलण्यापेक्षां सांभाळणें अधिक कठीण. स्प्रिंगांच्या कड्या आणि पुढच्या चाकांचे सांधे यांना वेळच्या वेळीं ग्रीस मिळालें नाहीं, तर स्टिअरिंग ढिलें होतें व पुढचीं चाकें थरथरूं लागतात. लष्करी जीपचा हातब्रेक चाकांवर नसून मागें जाणाऱ्या दांड्यावर आहे. तेथील सील गळूं लागलें कीं तेल ब्रेकवर उतरतें, आणि चढावर उभी केलेली गाडी सरकूं लागते. चिखलांतून निघण्यासाठीं जोडलेली पुढच्या चाकांची गति कोरड्या पक्क्या सडकेवर आल्याबरोबर सोडवावी. वळणावर पुढचीं व मागचीं चाकें वेगवेगळें अंतर कापतात. तो फरक चिखलांत घसरून निघून जातो, सडकेवर मात्र दात्यांवर आणि टायरांवर त्याचा ताण बसतो. हें ज्ञान जुन्या मिस्त्रीच्या बोटांत असतें आणि शेजारीं पाना धरून उभ्या असलेल्या पोऱ्याकडे तें तसेंच जातें.

याच कारागिरीची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. यंत्रांतला कोणताही बदल एकटा येत नाहीं. जड एंजिन बसविलें तर पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात. सांगाडा लांबविला तर त्याला आडवे आधार द्यावे लागतात. माणसें दुप्पट भरलीं तर ब्रेकही त्या तोलाचे हवेत. टपावर ओझें आणि मागच्या फळीवर लोंबकळणारीं माणसें घेतलेली आखूड, उंच गाडी घाटाच्या वळणावर उलटण्यास फार निमित्त लागत नाहीं. ज्या मिस्त्रीनें मागचीं बांकें वाढविलीं पण ब्रेकांकडे पाहिलें नाहीं, त्यानें काम अर्धेंच केलें. आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत प्रवाशांनीं मोजली.

म्हणूनच जुन्या गाड्यांविषयींचा वाद सोपा नाहीं. फिलिपाईन्सच्या सरकारनें २०१७ सालीं जुन्या जीपनींच्या जागीं कमी धूर सोडणारीं नवीं वाहनें आणण्याची योजना सुरू केली. नव्या गाडीचें कर्ज आपल्याला पेलणार नाहीं, म्हणून चालकांनीं २०२३ च्या मार्चमध्यें संप पुकारला. शहराची हवा स्वच्छ असावी हें खरें, आणि त्या गाडीवर पोट असलेला चालक उघड्यावर पडूं नये हेंही तितकेंच खरें.

या वादाचा निकाल कसाही लागो, आपल्या मूळ प्रश्नाचें उत्तर त्यांत बुडूं देतां कामा नये. कारखान्यानें जीपला जन्म दिला आणि उघडून पाहतां येईल असें शरीर दिलें. आयुष्य दिलें तें कारागिरांनीं. पैकीं पहिली गोष्ट नसती तर दुसरी घडलीच नसती. नवीं वाहनें धूर कमी सोडतील, ब्रेकही चांगले देतील. पण त्यांचीं यंत्रें जर बंद पेटीसारखीं असतील, आणि गांवच्या मिस्त्रीला त्यांत हातच घालतां येणार नसेल, तर त्यांना पहिलेंच आयुष्य काय तें मिळेल. गाडी विकत घेतांना तिचा वेग आणि किंमत आपण विचारतोंच. ती बिघडली तर आपल्या गांवांत कोण दुरुस्त करील, हेंही त्याच वेळीं विचारून ठेवावें.