अंतराळयान परतताना जळत का नाही? कवचाची परीक्षा कशी होते?

पेण ते रोहा हे अंतर सरळ रेषेत साधारण ३० किलोमीटर. पृथ्वीभोवती फिरणारं यान ते ४ सेकंदांत कापेल. याच वेगाने यान वातावरणात शिरलं की समोरची हवा एकदम दाबली जाते आणि प्रचंड तापते. अमेरिकेच्या स्पेस शटलचं नाक आणि पंखांच्या कडा १,६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापायच्या.

कवच किती प्रकारचं?

मुख्यतः दोन. एक स्वतः जळत, झिजत उष्णता बाहेर टाकतं. ते एकदाच चालतं. यान पुन्हा उडवायचं, तर न झिजणारं कवच लागतं. उदाहरणार्थ, सिलिकाच्या टाइल्स. शटलच्या टाइल्समध्ये ९० टक्क्यांहून जास्त पोकळी असायची, त्यामुळे उष्णता आत झिरपायला वेळ लागायचा. पण त्या ठिसूळ होत्या.

चाचणी कशी करतात?

पवईला आयआयटी मुंबईत 'शॉक टनेल' आहे. तिथे यानाच्या छोट्या प्रतिकृतीवर आवाजाच्या कित्येक पट वेगाने हवेचा झोत सोडतात. झोत जेमतेम काही मिलिसेकंद टिकतो. कुठल्या भागावर किती उष्णता येते, हे तेवढ्यात मोजलं जातं.

पण इतक्या कमी वेळात टाइल तापत नाही. त्यासाठी 'प्लाझ्मा विंड टनेल' वापरतात. त्यात विजेने हजारो अंशांपर्यंत तापवलेल्या वायूचा मारा कवचाच्या तुकड्यावर बराच वेळ करता येतो.

भारत कुठवर आलाय?

१० जानेवारी २००७ ला इस्रोने ५५० किलोची एसआरई-१ कुपी कक्षेत सोडली आणि १२ दिवसांनी बंगालच्या उपसागरातून सुखरूप परत मिळवली. तिच्यावर सिलिका टाइल्स होत्या. २३ मे २०१६ ला पंख असलेलं आरएलव्ही-टीडी यान ६५ किलोमीटर उंचीवरून आवाजाच्या ५ पट वेगाने परतलं. कक्षेतून येताना हा वेग सुमारे २५ पट असतो. २०२३-२४ मध्ये 'पुष्पक' हेलिकॉप्टरमधून सोडलं, पण ती परीक्षा धावपट्टीवर उतरण्याची होती, उष्णतेची नव्हती.

एवढी काळजी का?

१६ जानेवारी २००३ ला 'कोलंबिया' उडताना टाकीवरचा फोमचा तुकडा तिच्या डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना तापलेली हवा तिथूनच आत घुसली. कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. जुलैत तपास पथकाने तसाच फोम पंखाच्या खऱ्या पॅनेलवर डागला, तेव्हा सुमारे ४० सेंटिमीटरचं भोक पडलं. ही चाचणी झाली, पण अपघातानंतर.

त्यानंतर शटलच्या प्रत्येक मोहिमेत कवच अंतराळातच तपासलं जाऊ लागलं. म्हणजे पुन्हा वापरायचं कवच एकदा पास होऊन भागत नाही. त्याची परीक्षा दर वेळी असते.