‘अतिरंजित’ : एका शब्दाचा मराठवाड्यातला प्रवास

आज आपण एकच शब्द घेऊन बसणार आहोत. अतिरंजित. संस्कृतात ‘रंज्’ म्हणजे रंगणे, म्हणजे ज्याला प्रमाणाबाहेर रंग चढवलाय ते. गावाकडं आपण ‘तिखटमीठ लावून सांगणं’ म्हणतो, ‘पराचा कावळा’ म्हणतो. ‘अफवा’ मात्र अरबीतून आली आणि तिचा मूळ अर्थ आहे ‘तोंडं’, अनेकवचनी. आपल्याला तो फार नेमका वाटतो.

१९९३ च्या किल्लारी भूकंपात मृतांचे सुरुवातीचे आकडे प्रत्यक्षाच्या दुप्पट-तिप्पट छापून आले; नंतरची मोजणी दहा हजारांच्या आसपास थांबली. त्यात कुणाचा डाव नव्हता. ढिगारे उपसायचे बाकी होते, एवढंच.

१९४८ ची गोष्ट वेगळी. रझाकारांच्या अत्याचारांच्या बातम्या सीमेपलीकडं जात होत्या, आणि निजामाचं सरकार त्या अतिरंजित ठरवत होतं. हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिलं; ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला.

१७ सप्टेंबरला संस्थान शरण आलं. त्यानंतर जे घडलं त्याच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार हे वर्षअखेरीस संस्थानात फिरले. त्यांचा अंदाज, तोही सावधपणे केलेला: २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं, आणि रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील. सूड कुठं उतरला असेल, ते वेगळं सांगायला नको. सरदार पटेलांना अहवाल एकांगी वाटला. सरकारनं तो प्रसिद्ध केला नाही. २०१३ च्या सुमारास दिल्लीत अभ्यासकांना तो पाहायला मिळू लागला.

म्हणजे बघा, काही महिन्यांच्या अंतरानं दोन वेगवेगळ्या सरकारांना नकोशा बातम्यांत रंगच जास्त दिसला. दोन्ही वेळा मेलेली माणसं आपल्याच गावांतली होती. आकडा फुगवलेला असूही शकतो, हे आपण नाकारत नाही. पण तो कुणी मोजला, कधी, कोणत्या गावात उभं राहून, हे विचारल्याशिवाय ‘अतिरंजित’ म्हणायचं कशाच्या जोरावर? १९४१ आणि १९५१ च्या शिरगणतीचे आकडे समोरासमोर ठेवून पाहता येतात. पण मधल्या काळात किती जण हैदराबादला, किती पाकिस्तानात निघून गेले, ते वजा करणं अवघड आहे. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.