गोटीची बाटली आणि पत्र्याची पाटी

इतिहास म्हटला की बखरी, शिलालेख आणि ताम्रपट यांकडेच आपली दृष्टी वळते. तो भंगारवाल्याच्या गोणीतही सापडेल अशी कल्पना सहसा कोणी करीत नाही. तथापि सोडावॉटरच्या जुन्या बाटल्या आणि जाहिरातींच्या पाट्या जमविणाऱ्यांच्या हाती जे लागते, ते पुष्कळदा कोणत्याही दप्तरात उतरलेले नसते.

सोडावॉटरच्या धंद्यापुढील मूळ अडचण बुचाची होती. बूच सुकले की आकसे आणि वायू निसटे. म्हणून एकोणिसाव्या शतकात विलायतेत अंड्यासारख्या बुडाची बाटली प्रचारात आली; ती उभी राहूच शकत नसल्याने आडवी ठेवावी लागे व बूच ओले राही. या अडचणीवर हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७० च्या सुमारास काढलेला तोडगा मोठा नामी होता. बाटलीच्या मानेत काचेची गोटी आणि मुखाच्या आत रबरी कडे. बाटली उलटी धरून भरली की गोटी मुखाशी येते; मग ती सुलटी केली तरी आतला वायूच गोटीला कड्यावर घट्ट दाबून धरतो. जो वायू बूच उडवून देई, त्यालाच पहाऱ्यावर बसविले म्हणा ना!

अमेरिकेत विल्यम पेंटर याने १८९२ मध्ये पत्र्याच्या दातेरी झाकणाचे पेटंट घेतले आणि पुढे पश्चिमेकडे गोटी मागे पडली. जपानात ती 'रामुने' या पेयापुरती टिकली. आपल्या देशात मात्र दिल्लीचा 'बंटा', तामिळनाडूतील 'गोली सोडा' आणि आपला गोटी सोडा या रूपांनी ती नांदत राहिली. याचे कारण उघड आहे. दर खेपेस नवे झाकण विकत घ्यावे लागत नाही, आणि हाताने फिरवावयाच्या यंत्रावर लहानसा कारखाना चालतो. अशा कारखानदारांपैकी काहींनी आपले व गावाचे नाव काचेतच उठावाच्या अक्षरांनी घालून घेतले. मुंबई-पुण्याकडे पारशी मंडळींनी या धंद्यात लौकिक मिळविला. पालनजी १८६५ चे, पुण्याचे अर्देशीर १८८४ चे, ड्यूक १८८९ चे. मोठ्यांचे स्मरण राहते. लहान गावातील सोडावाल्याचे नाव त्या काचेवर असते, आणि बाटल्या गोटीसाठी मुलांनी फोडल्या किंवा काचभट्टीत गेल्या!

पाट्यांची कथा थोडी निराळी. लोखंडी पत्र्यावर काचेच्या भुकटीचा लेप देऊन तो भट्टीत भाजीत. रंगांचे थरही असेच भाजून चढवीत. त्यामुळे ऊनपावसाने रंग विटत नाही. गंज धरतो तो लेपाचा टवका उडालेल्या जागी, विशेषतः खिळ्यांच्या भोकांभोवती. हे ठाऊक असल्याने नकली पाटी करणारे भोकांभोवती मुद्दाम गंज चढवितात. जुन्या पाटीवरून बोट फिरविल्यास रंगांचे थर पुष्कळदा हाताला जाणवतात. छापील नकलेवर ते जाणवत नाहीत. कोकाकोलाने १९७७ मध्ये हा देश सोडला व १९९३ मध्ये पुनरागमन केले. त्यामुळे मधल्या सोळा वर्षांतील म्हणून तिची भारतीय पाटी कोणी पुढे केली, तर संशय घ्यावा.

खरी हानी नकलांपेक्षा संग्राहकांच्याच हातून होते, असे माझे मत आहे. पाटी घासूनपुसून दिवाणखान्यात लागते. ती कोणत्या गावच्या कोणत्या दुकानावर होती, हे विचारावयाचे मात्र राहून जाते. विक्रेता ते बहुधा सांगू शकतो, निदान कोणाच्या वाड्यातून माल उचलला एवढे तरी. ते त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून बाटलीच्या गळ्यात बांधावे. पुढच्या खेपेस तोच विक्रेता भेटेल याचा नेम नसतो.