फ्लिप-फ्लॉपचं ठरत नाही तेव्हा

आजचा भाग म्हणजे मी एका चिपची मागितलेली माफी आहे.

बीटेकच्या शेवटच्या वर्षी आमच्या प्रोजेक्टमध्ये सेन्सरचा सिग्नल वेगवेगळ्या गेट्समधून ७४७४ चिपमधल्या दोन फ्लिप-फ्लॉपपर्यंत जायचा. सर्किट तासभर छान चालायचं आणि मग भलत्याच स्थितीत अडकायचं. मी तीन चिप बदलल्या, दुकानदारावर नकली मालाचा आळही घेतला. चूक माझीच होती.

ती समजायला १९१८ सालात जावं लागतं. ब्रिटनमध्ये एकल्स आणि जॉर्डन यांनी दोन व्हॉल्व्ह असे जोडले, की एक चालू झाला की दुसऱ्याला बंद ठेवतो. झाला एक बिट लक्षात ठेवणारा फ्लिप-फ्लॉप! पण दोन स्थिर अवस्था म्हटल्या की मधे एक उंचवटा आलाच. त्याच्या टोकावर गोटी ठेवली तर ती कधी घरंगळेल, कुठल्या बाजूला, हे सांगता येत नाही.

१९६० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ७४०० मालिकेमुळे हे सर्किट स्वस्त चिपमध्ये आलं. मूळ ७४७४ ची अट अशी: क्लॉकच्या कडेआधी २० नॅनोसेकंद आणि नंतर ५ नॅनोसेकंद डेटा हलता कामा नये. सेन्सरला हे कोण सांगणार? तो मनाला येईल तेव्हा बदलतो.

हा धोका ल्युबकिन यांनी १९५२ मध्येच लिहून ठेवला होता. तरी ‘आउटपुट शून्य नाही तर एक, तिसरं काय असणार?’ असं मानणारे इंजिनिअर पुष्कळ होते. १९७३ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या चेनी आणि मोल्नार यांनी ऑसिलोस्कोपवरचे फोटोच छापले: आउटपुट मधल्याच व्होल्टेजवर रेंगाळतंय. हीच मेटास्टेबिलिटी.

माझ्या सर्किटमध्ये एवढं नाट्य घडायचीही गरज नव्हती. अट मोडली की एक फ्लिप-फ्लॉप नवीन किंमत उचलायचा, दुसरा जुनी. झाला घोटाळा!

उपाय काय? बाहेरचा सिग्नल आधी एकामागोमाग जोडलेल्या दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्यायचा आणि मगच सगळीकडे वाटायचा. पहिला डळमळला तरी त्याला सावरायला क्लॉकचं जवळपास एक आवर्तन मिळतं. वेगवान चिप लवकर सावरते, पण धोका शून्य होत नाही. म्हणून चिप निवडताना नुसता वेग बघू नका. जुन्या टीटीएल चिपचं आउटपुट ५ व्होल्टच्या ७४एचसी७४ ला द्यायचं असेल, तर ७४एचसीटी७४ घ्या. एचसीला ‘एक’ ओळखायला साधारण ३.५ व्होल्ट लागतात, टीटीएल २.४ चीच हमी देतं. एचसीटीला २ पुरतात.

आता मी सॉफ्टवेअर लिहितो. कधीतरीच दिसणारा बग आला की आधी विचारतो, बाहेरून येणारी एकच गोष्ट आपण दोन ठिकाणी तर वाचत नाही ना? त्या दुकानदाराची माफी मात्र अजून मागायची राहिलीय. भेटू पुढच्या भागात!